बिनमालकाचं कुलूप

निमंत्रकाच्या चौकटीत मी आईचं नाव ठेवलं आणि पडद्यावरून बोट उचललं. नाव क्षणभर तिथे थांबलं. मग हळूच घरंगळत पानाच्या तळाशी गेलं आणि 'आमच्या दादाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणाऱ्या चिल्ल्यापिल्ल्यांच्या रांगेत जाऊन बसलं.

"परत कर," दादा म्हणाला.

मी परत केलं. परत तेच झालं.

"हे सॉफ्टवेअर तुमच्याच कंपनीचं ना?"

"हो."

"मग आईला बालवाडीत का घातलंय?"

चौकटीच्या कोपऱ्यात एक बारीक राखाडी कुलूप होतं. मी ते दाबून पाहिलं. काहीच झालं नाही. ते तसंच बनवलेलं आहे हे मला माहीत होतं, तरी मी दोनदा दाबलं.

दादा म्हणजे हर्षवर्धन, माझा मोठा भाऊ. लग्न त्याचं होतं आणि त्याची मागणी एकच होती: पत्रिकेत निमंत्रक म्हणून पहिलं नाव आईचं हवं. मी सातवीत असताना बाबा गेले. आई कराडजवळच्या एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाच्या रसाची तपासणी करते. त्या नोकरीवर तिने आम्हा दोघांना शिकवलं. पण आमच्याकडच्या पत्रिकांमध्ये विधवा आईचं नाव 'यांचे चिरंजीव' या ओळीपुरतं येतं. निमंत्रण द्यायचं ते सवाष्ण जोडप्याने, म्हणजे आमच्या बाबतीत विलासकाका आणि छायाकाकूंनी. विधवांना कुठल्याही कार्यात मागे ठेवायचं नाही असा ठराव गावाने मी शाळेत असतानाच केला होता. तो ग्रामपंचायतीत होता. पत्रिकेच्या साच्यात नव्हता.

मी पदार्थविज्ञानात एम.एस्सी. केलं आणि कोल्हापूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागले. कंपनी 'पत्रावळ' नावाचं मांडणीचं सॉफ्टवेअर बनवते. पत्रिका बनवणाऱ्या गोष्टीला जेवणाच्या पानाचं नाव का, असं सगळेच विचारतात. आमच्या मालकांना विनोद आवडतो, एवढंच उत्तर आहे. तिथे माझं काम म्हणजे माणसं पान लावताना कुठे अडतात ते शोधणं. त्या वर्षी तक्रारी एकाच गोष्टीच्या होत्या: कुलपांच्या.

आमच्या निरीक्षणाच्या खोलीत ग्राहकाची नजर टिपणारा कॅमेरा आहे. गडहिंग्लजचे एक निवृत्त मुख्याध्यापक नातीची पत्रिका करायला आले होते. त्यांना मुहूर्ताची ओळ थोडी वर घ्यायची होती. त्यांनी ओळ ओढली, ती परत जागेवर गेली. त्यांनी बोट शर्टाला पुसलं आणि पुन्हा ओढली. मग चष्मा काढून पुसला. शेवटी माझ्याकडे बघून म्हणाले, "माझं काहीतरी चुकतंय बहुतेक."

त्यांची नजर कुलपावर कितीतरी वेळा गेली होती. कुलूप दिसत होतंच. त्याच्याविषयी काय करायचं हे मात्र पानावर कुठेच लिहिलेलं नव्हतं, म्हणून त्यांनी चूक स्वतःकडे घेतली. पुढच्या प्रत्येक ग्राहकाने थोड्याफार फरकाने हेच केलं.

"कुलूप दिसतंय ना? मग ओढतात कशाला?" आमचे प्रमुख निनाद सर म्हणाले.

"कुलूप दिसतं सर. दार कुणाचं ते दिसत नाही."

इथे पत्रावळ पान कसं लावतं ते सांगायला हवं. पानावरची प्रत्येक चौकट इतर चौकटींना अदृश्य स्प्रिंगांनी जोडलेली आहे अशी कल्पना करा. काही स्प्रिंगा सैल, काही घट्ट. तुम्ही एखादी चौकट हलवली की सगळ्या स्प्रिंगा ताणतात, दबतात, आणि कमीत कमी ताण असलेली मांडणी तयार होते. कोणती स्प्रिंग किती घट्ट हे कुठल्या माणसाने ठरवलेलं नाही. यंत्राने लाखो जुन्या पत्रिका वाचून ते शिकून घेतलं. ज्या गोष्टीत पत्रिकांमध्ये फरक आढळला तिथे स्प्रिंग सैल राहिली. जिथे जवळपास सगळ्या पत्रिका सारख्या निघाल्या, तिथे ती घट्ट होत होत लोखंडी सळई झाली. आणि आमच्याच एका जुन्या सहकाऱ्याने सोय म्हणून नियम करून ठेवला होता की जे हलत नाही त्यावर कुलूप दाखवायचं.

म्हणजे पानावर दोन जातींची कुलपं होती, आणि दोन्ही दिसायला सारखीच. काही माणसांनी लावलेली: मुहूर्ताची ओळ वधूपित्याची, कडेची मोकळी जागा छापखान्याची. नामसंमतीची खूण कायद्याची, कारण खोट्या पत्रिकांचा सुळसुळाट झाल्यापासून छापील नावाच्या प्रत्येक माणसाची संमती फोनवरून घ्यावी लागते. उरलेली कुलपं आपोआप तयार झालेली.

ती वेगळी काढणं तोवर अशक्यच होतं. शिकलेल्या यंत्राला 'हे तू कुठून शिकलास' असं विचारायचं, तर एकेक पत्रिका वगळून त्याला पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागलं असतं. दोनेक वर्षांपूर्वी मूळशोधाची पद्धत निघाली. यंत्राला पुन्हा न शिकवता, एखादं उदाहरण वगळलं असतं तर सळई किती सैल झाली असती याचा अंदाज गणिताने बांधता येतो. मी ती पद्धत आमच्या कुलपांवर चालवली. माणसांची कुलपं लगेच ओळखू आली. निमंत्रकाच्या चौकटीचा आलेख मात्र सपाट आला. कुठलीही एक पत्रिका, एक गाव, एक छापखाना वगळून काहीच फरक पडत नव्हता. सगळ्यांनी चिमूटभर चिमूटभर टाकलं होतं.

मग मी चाचणीच्या आवृत्तीत कुलूप दाबलं की साधी वाक्यं उघडतील असं केलं. आपल्याला काय करता येत नाही, ते कुणी ठरवलं, आणि कुणाला विचारायचं. निमंत्रकाच्या कुलपाखाली आलं: 'या चौकटीत फक्त पती-पत्नीची जोडी बसते. हे कुणी ठरवलं: कुणीही नाही.'

निनाद सर वाचून हसले. मग त्यांनी ते पुन्हा वाचलं.

"हे असं ग्राहकाला दाखवणार? 'परंपरेनुसार' लिही की."

"परंपरा फोन उचलत नाही सर. ग्राहकाने विचारायचं कुणाला?"

बऱ्याच वादानंतर आम्ही एक पद्धत ठरवली. ज्या कुलपाला मालक सापडत नाही, त्याविषयी त्या पानावर नाव असलेल्या सगळ्यांना विचारायचं: हे कुलूप तुम्हाला हवं आहे का? ज्याला हवं असेल त्याने स्वतःचं नाव द्यायचं. मग ते कुलूप त्याचं, सगळ्यांना तसं दिसणार, आणि उघडण्याचा हक्कही फक्त त्याचा. मुदतीत कुणीच नाव दिलं नाही तर कुलूप आपोआप उघडणार. पहिल्या चाचणीसाठी काही पत्रिका हव्या होत्या. मी आमच्या घरचीही घातली.

"घरात भांडण लागलं तर?" सरांनी विचारलं.

"भांडण आहेच. फक्त कुणी करत नाहीये."

शनिवारी मी कराडला गेले. आमचं आणि काकांचं अंगण एकच आहे. चहाला सगळे काकांच्या पडवीत बसलो होतो. आईची दुपारपाळी होती, त्यामुळे ती नव्हती.

"हे काय आलंय गं ईश्वरी?" काका फोन लांब धरून वाचत होते. "कुलूप तुम्हाला हवं आहे का. कसलं कुलूप? आमच्या गोठ्याला पण कुलूप नाही."

दादाने त्यांना सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं. काका वाईट माणूस नाहीत. बाबा गेल्यावर माझ्या शाळेच्या प्रत्येक पालकसभेला तेच येऊन बसायचे, आणि बाई काहीही म्हणाल्या तरी "बरोबर आहे" म्हणायचे.

"मला काय, मी कुठं नाही म्हणतोय," ते म्हणाले. "पण घरातल्या थोरल्या आत्याबाई आहेत, भावकी आहे. मी हे कुलूप पाहिजे म्हणालो तर तुम्ही मला नावं ठेवणार. नको म्हणालो तर ते ठेवणार."

"मग?" दादा म्हणाला.

काकांनी फोन पालथा ठेवला. "मग काय. मुदत संपली की आपोआप उघडंल असं लिहिलंय की त्यात. उघडू दे. वहिनींचं नाव येऊ दे. कुणी विचारलं तर सांगू, मशीननं घातलं."

"म्हणजे तुम्ही काहीच करायचं नाही," काकू बशीत चहा ओतत म्हणाल्या. "ते मात्र तुम्हाला झकास जमतं."

"तू नाव देतीस का मग?"

"मला कोण विचारतंय? मी जोडीतली. निरोप तुमच्याच फोनवर."

दादा खूश होता. खरं सांगायचं तर मीही होते. माझ्या पद्धतीत कुणालाही कुणाच्या तोंडावर नाही म्हणावं लागत नव्हतं, आणि हे मला तिचं मोठं यश वाटत होतं. पुढच्या रविवारी पहिली पत्रिका जोतिबाला ठेवायची होती. एकदा देवापुढे ठेवली की आमच्याकडे पत्रिका बदलत नाहीत. कुलपाची मुदत त्याच्या आधी संपत होती. वेळ जुळत होता.

मी कोल्हापूरला परतले. बुधवारी दुपारी ऑफिसात दादाचा फोन आला. "पान बघ," एवढंच म्हणाला.

मी पान उघडलं. निमंत्रकाच्या चौकटीवरचं कुलूप राखाडीऐवजी निळं झालं होतं. निळं म्हणजे मालक मिळाला. मी दाबलं. 'या चौकटीत फक्त पती-पत्नीची जोडी बसते. हे कुणी ठरवलं: सुवर्णा मोहन कणसे.'

आई.

"तिला काहीतरी कळलं नसणार," दादा म्हणाला. "चुकून दाबलं असेल. तुझ्याकडे चाचणीचे हक्क आहेत ना? उघड तू."

हक्क होते. कोडची एक ओळ लिहायची, कुलूप गेलं असतं, आणि कुणालाही कळलं नसतं. मी पडद्यावर ती खिडकी उघडून बसले, पण ओळ लिहिली नाही. ज्या पद्धतीसाठी मी सरांशी भांडले होते तिचा सगळा अर्थ एवढाच होता, की मालकाशिवाय कुणी उघडू शकत नाही. मी गुरुवार-शुक्रवारची रजा टाकली आणि गुरुवारी सकाळच्या गाडीने कराडला गेले.

आई सकाळपाळी करून दुपारी घरी आली. गळीत हंगामात तिच्या कपड्यांना रसाचा वास येतो, कितीही धुतले तरी.

"आज मधेच कशी?" ती म्हणाली.

"कुलपासाठी."

"जेवलीस का?"

"आई, तू ते चुकून दाबलंस का?"

"मी रोज रसातली साखर मोजते गं. मला बटण कळत नाही होय?" तिने ताट वाढायला घेतलं. "चांगलं लिहिलंयस तू. वाचून लगेच समजतं. आधीचं ते काहीच सांगायचं नाही."

"मग कुलूप का घेतलंस? मुदत संपली असती. उघडलं असतं. तुझं नाव आलं असतं."

"कुणी घातलं असतं?"

मी भांड्यात पाणी ओतायला लागले.

"हेच. कुणीच नाही," ती म्हणाली. "तुझे बाबा गेले तेव्हा सुद्धा असंच. हळदीकुंकवाला येऊ नका असं मला कुणी सांगितलं नाही. बोलावणं यायचं थांबलं, बस. मी कुणाला विचारणार? छायाला? ती म्हणायची, अहो ताई, माझं काय आहे त्यात. आणि तिचं खरंच काही नव्हतं. आता नाव येणार ते पण तसंच. कुणी काही म्हणायचं नाही, आणि मुदत संपली म्हणून मी पत्रिकेत. नको मला."

"पण कुलूप तुझ्याच नावावर आहे आता. लोकांना वाटेल तुलाच नकोय."

"वाटू दे. ज्याला वाटेल तो येऊन विचारील."

"दादा म्हणतो मी आतून उघडू शकते."

"तुला येतं म्हणून?" तिने भाकरी माझ्या ताटात टाकली. "उघड की. मग तुझ्यात आणि त्या स्प्रिंगांत फरक काय राहिला?"

स्प्रिंगांचं मीच तिला दिवाळीत समजावून सांगितलं होतं. ती एखादी गोष्ट समजून घेते तेव्हा त्रास होतो.

काकांनी निळं कुलूप शुक्रवारी संध्याकाळी पाहिलं. माझ्या रचनेत कुलपाखाली 'मालकाला विचारा' असं बटण होतं. ते मला फार आवडायचं. काकांनी ते दाबलं. आईच्या फोनवर आलं: 'श्री. विलास कणसे यांना हे कुलूप उघडून हवं आहे.' आई तेव्हा अंगणात वाटाण्याच्या शेंगा सोलत होती. तिने वाचलं, फोन खाली ठेवला आणि सोलत राहिली. अंगणाच्या पलीकडे पडवीत काका फोनकडे बघत बसलेले आम्हाला दिसत होते.

थोड्या वेळाने पुन्हा फोन वाजला. तेच वाक्य.

"आई, उत्तर दे की," मी म्हणाले.

"बटण दाबायला काय लागतंय."

पलीकडून काकूंचा आवाज आला. "अहो, उठा. वीस पावलं नाही अंगण. का रिक्षा बोलवू?"

काका उठले. अंगण ओलांडताना त्यांनी आधी नळ नीट बंद आहे का ते पाहिलं, मग तुळशीतलं एक वाळकं पान काढलं. काकू मागोमाग आल्या. काका आईसमोर ओट्यावर बसले आणि त्यांनी मूठभर शेंगा सोलायला घेतल्या.

"वहिनी, ते कुलूप काढा की."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? तुमचं नाव घालायचंय."

"कुठं?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी शेंगांकडे बघितलं.

"निमंत्रकात."

"निमंत्रकात तुमचं आहे, छायाचं आहे. माझं कसं बसंल?"

"आधी तुमचं. मग आमचं खाली." काकांनी हातातला वाटाणा टोपलीत टाकला. "पहिलं तुमचं. पोरगा तुमचा आहे. मी आधीच म्हणायला पाहिजे होतं."

"आत्याबाई विचारतील."

"विचारू दे."

"काय सांगाल?"

"सांगतो की..." ते थांबले. मशीनचं नाव त्यांच्या अगदी ओठावर आलेलं मला दिसलं. "सांगतो, मी घातलं."

आईने पदराला हात पुसले, फोन घेतला आणि कुलूप उघडलं. पानावरची चौकट सैल झाली. तिने स्वतःचं नाव चिल्ल्यापिल्ल्यांमधून उचललं आणि वर नेऊन ठेवलं. काका-काकूंची ओळ थोडी खाली सरकली, मुहूर्त जागेवर राहिला, सगळं पान एकदा हललं आणि स्थिर झालं. काकांनी चष्मा लावून वाचलं. 'श्रीमती सुवर्णा मोहन कणसे'. खाली 'सौ. छाया व श्री. विलास कणसे'.

"बरं दिसतंय," ते म्हणाले आणि उठायला लागले.

"भाऊजी, बसा," आई म्हणाली. "हर्षाला पहिली हळद कोण लावणार?"

काका पुन्हा बसले. हा प्रश्न कुठल्याच पानावर नव्हता. त्याला चौकट नव्हती, मुदत नव्हती, आणि न बोलता तो मिटण्याची वाट बघता येईल असं त्यात काहीच नव्हतं. पहिली हळद पाच सवाष्णींनी लावायची हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. कुणी ठरवलं ते कुणालाच माहीत नव्हतं. काका शेंगा सोलत राहिले. माझ्याकडे यासाठी सॉफ्टवेअर नव्हतं.

"ताई लावतील," काकू म्हणाल्या.

काकांनी मान वर केली. "आत्याबाई..."

"आत्याबाईंना सांगा, छायानं सांगितलंय." काकूंनी शेंगांची टोपली स्वतःकडे ओढली. "हा नियम आता नको, असं मी म्हणते. माझं नाव सांगा. काय बोलायचं ते माझ्याशी येऊन बोलू देत."

आईने त्यांच्याकडे पाहिलं.

"वाटाणे इकडे दे," ती म्हणाली. "तू निम्मे खातेस."